एक संगणक, अनेक वाटेकरी

२००८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पीएच.डी.चे काम करीत होतो आणि विभागातल्या सामाईक सर्व्हरची देखभाल मार्गदर्शकांनी आमच्याकडे सोपवली होती. आठ प्रोसेसर असलेला तो संगणक एका थंडगार खोलीत ठेवलेला असे. सगळे विद्यार्थी आणि संशोधक आपापल्या टेबलावरून त्यावर काम करीत. त्यावर सोलारिस १० ही युनिक्स घराण्यातली कार्यप्रणाली चालत असे.

त्या दिवशी एम.एस्सी.च्या वीस विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आधी लिहून तयार ठेवलेली आज्ञावली दोन तासांत चार वेळा चालवायची, दर वेळी आकडे बदलायचे आणि शेवटी आलेख काढायचा, असे काम होते. आज्ञावली एकदा चालायला एका प्रोसेसरची चार मिनिटे पुरत. वेळ भरपूर होता. तरीही परीक्षा संपली तेव्हा एकाही विद्यार्थ्याचा आलेख पूर्ण झाला नव्हता. एका विद्यार्थिनीने मध्येच येऊन आम्हाला विचारले होते, "दादा, मशीन अडकलंय, की माझंच काही चुकलंय?" आम्ही तिच्या पडद्यावर पाहिले. अक्षरे नेहमीसारखी झरझर उमटत होती. "मशीन ठीक आहे, आज्ञावली पुन्हा तपासून पाहा," असे सांगून आम्ही मोकळे झालो. तिने आपली बरोबर असलेली आज्ञावली तीनदा थांबवली, तीनदा बदलली आणि शेवटी रडवेली होऊन कोरा कागद देऊन गेली.

चूक तिची नव्हती आणि संगणकाचीही नव्हती. आदल्या रात्री आम्ही आमच्या संशोधनाचे एक मोठे गणन सुरू करून घरी गेलो होतो. ते दोन दिवस चालणार होते, आणि लवकर व्हावे म्हणून आम्ही त्याचे चाळीस तुकडे करून सगळे एकदम सोडून दिले होते.

या एका प्रसंगात सामाईक संगणकाचे सगळे शास्त्र दडलेले आहे. ते आपण क्रमाने पाहू.

आज्ञावली आणि प्रक्रिया

पुरणपोळीची कृती वहीत लिहिलेली असते. कृती म्हणजे पोळी नव्हे. कोणी चूल पेटवून, पीठ मळून करायला बसेल तेव्हाच पोळी होते. एकाच कृतीवरून चार घरांत एकाच वेळी चार स्वयंपाक चालू असू शकतात. संगणकातही हाच फरक आहे. आज्ञावली ही लिहिलेली कृती, आणि ती प्रत्यक्ष चालू लागली की तिला प्रक्रिया म्हणतात. युनिक्स प्रत्येक प्रक्रियेला एक क्रमांक देते. तिचा मालक कोण, तिने किती वेळ प्रोसेसर वापरला, किती स्मृती घेतली, याची नोंद ठेवते.

युनिक्समधली प्रक्रिया स्वतःची प्रतिकृती करून दुसऱ्या प्रक्रियेला जन्म देते. जन्म देणारी ती पालक आणि जन्मलेले ते अपत्य. पालकाचे बरेचसे गुण अपत्याला वारशाने मिळतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा मोठा उपयोग होणार आहे.

एक प्रोसेसर एका क्षणी एकच प्रक्रिया चालवू शकतो. मग शंभर प्रक्रिया एकदम चालतात कशा? त्या पाळीपाळीने चालतात. कार्यप्रणालीचा गाभा प्रत्येकीला सेकंदाचा अगदी लहानसा अंश देतो, वेळ संपली की तिला बाजूला करतो आणि दुसरीला बसवतो. हे इतक्या वेगाने होते की प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याचाच वाटतो. या युक्तीला कालविभागणी म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली तिचे प्रात्यक्षिक करून दाखवले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. एका संगणकावर अनेकांनी सुखाने नांदावे ही कल्पना अशी युनिक्सच्या जन्मापासूनच तिच्यात आहे.

न्याय कोणाला?

आता त्या परीक्षेचे गणित मांडू. वीस विद्यार्थ्यांच्या वीस प्रक्रिया आणि आमच्या एकट्याच्या चाळीस, मिळून साठ. प्रोसेसर आठ. गाभ्याने सर्वांना सारखे वाटप केले असे धरले तर प्रत्येक प्रक्रियेच्या वाट्याला ८/६०, म्हणजे सुमारे १३ टक्के प्रोसेसर येतो. चार मिनिटांच्या कामाला ३० मिनिटे लागतात. चार वेळा चालवायचे तर पूर्ण दोन तास. आलेख काढायला एक मिनिटही उरत नाही.

आम्ही नसतो तर? आठ प्रोसेसर वीस जणांत वाटले जाऊन प्रत्येकाला ४० टक्के मिळाले असते. एका वेळेला १० मिनिटे, चार वेळांना ४० मिनिटे.

गंमत अशी की गाभ्याने कोणावरही अन्याय केलेला नव्हता. साठही प्रक्रियांना त्याने समान मानले होते. पण माणसे साठ नव्हती, एकवीस होती. त्यांपैकी एका माणसाकडे दोन तृतीयांश संगणक गेला होता आणि उरलेल्या एक तृतीयांशात वीस जण होते. प्रक्रियांमधली समानता ही माणसांमधली समानता नव्हे.

आणि पडद्यावर अक्षरे झरझर का उमटत होती? युनिक्सचे नेहमीचे वाटप फार वेळ प्रोसेसर खाणाऱ्या प्रक्रियांचा अग्रक्रम हळूहळू उतरवते. ज्या प्रक्रिया थोडेसे काम करून वाट पाहत थांबतात त्यांचा अग्रक्रम चढवते. कळ दाबली की अक्षर उमटवणे हे क्षणाचे काम, म्हणून ते लगेच होई. चार मिनिटांचे गणन मात्र आमच्या चाळीस गणनांच्या रांगेत जाऊन उभे राही. त्यामुळे संगणक तपासताना टंकलेखनाचा वेग पाहणे हे रोग्याचा नुसता चेहरा पाहून ताप ठरवण्यासारखे होते.

युनिक्समध्ये 'नाइस' नावाची एक जुनी सोय आहे. नाइस म्हणजे सौजन्यशील. आपल्या प्रक्रियेला सौजन्याचा अंक देऊन "माझे सावकाश झाले तरी चालेल" असे सांगता येते. आजच्या लिनक्सवर हा अंक उणे २० ते १९ असा असतो. अंक जितका मोठा तितकी प्रक्रिया मागे सरते. साधा वापरकर्ता आपला अंक वाढवू शकतो, पण कमी करण्याचा, म्हणजे इतरांच्या पुढे घुसण्याचा, अधिकार मुख्य व्यवस्थापकालाच असतो. सोय चांगली आहे, पण ती ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर सोडलेली आहे. आम्ही त्या रात्री ती वापरली नव्हती. विसरलो होतो, एवढेच खरे कारण.

हा प्रश्न जुनाच आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठातही अनेक विद्यार्थी एका युनिक्स संगणकावर काम करीत आणि जो जास्त प्रक्रिया सुरू करील त्याला जास्त वाटा मिळे. तेथील जूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध करून यावर उपाय मांडला. वाटप प्रक्रियांमध्ये न करता माणसांमध्ये करावे आणि प्रत्येकाला ठरावीक हिस्से द्यावेत, असा तो उपाय होता. एखाद्याने अलीकडे किती वापर केला हेही त्यांच्या पद्धतीत धरले जाई. जास्त वापरले तर पुढे काही काळ कमी मिळे. मात्र जुना वापर हळूहळू विसरला जाई, म्हणजे दंड कायमचा नसे.

हिस्से आणि तळी

साधनांच्या वाटपाच्या दोन मुख्य रीती आहेत. आपल्याकडच्या पाण्याच्या वाटपाशी तुलना केली तर त्या चटकन समजतील.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने शेतीला पाणी देण्याची जुनी परंपरा आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, कोणत्या फडात कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे असते आणि पाटकरी पाळीप्रमाणे पाणी फिरवतो. एखाद्याने आपल्या शेतात जास्त दारे फोडली म्हणून त्याला जास्त पाणी मिळत नाही. आधी गट ठरतो, मग गटाचा वाटा, आणि मग गटाच्या आत पाळी. संगणकातही हेच करायचे असते.

पहिली रीत हिश्शांची. समजा, विद्यार्थ्यांना ६० हिस्से, संशोधकांना ३० आणि व्यवस्थापनाला १० दिले. सगळे एकदम काम करीत असतील तर संगणक ६०:३०:१० या प्रमाणात वाटला जातो. पण संशोधक रजेवर असतील तर त्यांचे हिस्से मोजलेच जात नाहीत. मग वाटप ६०:१० होते आणि विद्यार्थ्यांना सात भागांतले सहा भाग मिळतात. हिस्सा म्हणजे मर्यादा नव्हे, टंचाईच्या वेळचा हक्क आहे. काहीही वाया जात नाही, हा याचा गुण.

दुसरी रीत तळ्यांची. इंग्रजीत तिला 'रिसोर्स पूल' म्हणतात. येथे पूल म्हणजे नदीवरचा नव्हे, साठा किंवा तळे. आठ प्रोसेसरांमध्ये बांध घालून, समजा, सहा एका तळ्यात आणि दोन दुसऱ्यात ठेवायचे. ज्या प्रक्रियेला जे तळे नेमून दिले असेल त्यातलेच पाणी तिने घ्यायचे. दुसऱ्या तळ्यात कितीही गर्दी होवो, आपल्या तळ्याला धक्का लागत नाही. खात्री हा याचा गुण. पण आपले तळे भरलेले आणि शेजारचे कोरडे असले तरी पाणी बांध ओलांडत नाही, हा दोष.

वर्गात करून पाहा

हा फरक संगणकाशिवायही दाखवता येतो. एका विद्यार्थ्याला 'प्रोसेसर' करून फळ्याजवळ उभे करा. तो एका पाळीत एकच बेरीज करील. सहा मुलांना प्रत्येकी एक चिठ्ठी द्या आणि सातव्या मुलाला, गणेशला, सहा चिठ्ठ्या द्या. प्रत्येक चिठ्ठीवर तीन बेरजा. एकूण १२ चिठ्ठ्या, ३६ बेरजा.

पहिला खेळ: चिठ्ठीगणिक पाळी. बारा चिठ्ठ्या फिरवत राहा, आधी सहा जणांच्या, मग गणेशच्या. तिसऱ्या फेरीत चिठ्ठ्या पुऱ्या होऊ लागतील. सहा मुले २५ ते ३० या पाळ्यांत मोकळी होतील आणि गणेश ३६व्या पाळीला.

दुसरा खेळ: मुलागणिक पाळी. आता एका फेरीत सातच पाळ्या. सहा मुले १५ ते २० या पाळ्यांतच मोकळी होतील. आणि गणेश? तोही ३६व्या पाळीलाच!

मुलांना येथे थांबवून विचार करायला लावावा. सहा मुलांचे काम दहा पाळ्या लवकर झाले आणि गणेशचे काहीच नुकसान झाले नाही. कारण एकूण काम तेवढेच आहे. फक्त क्रम बदलला.

तिसरा खेळ: दोन प्रोसेसर घ्या आणि मध्ये बांध घाला. एक फक्त गणेशचा, दुसरा इतरांचा. आज इतरांपैकी तीनच मुले आली आहेत असे समजा. त्यांच्या नऊ बेरजा नवव्या पाळीला संपतील. मग तो प्रोसेसर रिकामा बसेल आणि गणेश आपल्या अठरा बेरजा करीत अठराव्या पाळीपर्यंत झगडत राहील. बांध नसता तर २७ बेरजा दोघांनी मिळून १४ पाळ्यांत संपवल्या असत्या. बांधाची किंमत ती ही.

आता परीक्षेच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. वीस विद्यार्थ्यांचे चारही वेळांचे मिळून काम २० × ४ × ४ = ३२० प्रोसेसर-मिनिटे होते. आठ प्रोसेसरांवर ते ४० मिनिटांचे काम. म्हणजे सर्व विद्यार्थ्यांना आम्ही सरळ पुढे जाऊ दिले असते तर आमचे दोन दिवसांचे गणन फार तर ४० मिनिटे लांबले असते. तेवढ्यासाठी वीस जणांची परीक्षा वाया गेली. हे गणित आम्ही त्या संध्याकाळी मांडले, आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना सांगून टाकले. आठ दिवसांनी परीक्षा पुन्हा घ्यायचे ठरले.

तळे बांधताना

या वेळी आम्ही तळी बांधली. सोलारिसमध्ये ही सोय २००२ सालच्या नवव्या आवृत्तीपासून होती. तिचे टप्पे असे. प्रथम ती यंत्रणा चालू करायची. मग प्रोसेसरांचा एक संच तयार करायचा. त्यात कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती प्रोसेसर असावेत हे सांगायचे. मग 'विद्यार्थी' नावाचे तळे निर्माण करून तो संच त्याला जोडायचा. ही सगळी मांडणी एका फाइलमध्ये लिहिली जाते, आणि 'पूलअ‍ॅडम' ही आज्ञा दिली की ती प्रत्यक्षात येते. आम्ही सहा प्रोसेसर विद्यार्थ्यांच्या तळ्याला दिले. उरलेले दोन मूळच्या तळ्यात राहिले, कारण मूळचे तळे कधीच पूर्ण रिकामे करता येत नाही. खुद्द कार्यप्रणालीची कामे तेथेच चालतात. आमची चाळीस प्रक्रियाही, गणन अजून संपलेले नसल्याने, त्याच दोन प्रोसेसरांवर राहिल्या.

नवा हिशेब असा: सहा प्रोसेसरांवर वीस विद्यार्थी, प्रत्येकाला ३० टक्के, एका वेळेला १३ मिनिटे २० सेकंद, चार वेळांना सुमारे ५३ मिनिटे. दोन तासांत आरामात बसणारे काम.

प्रक्रियांना तळे कसे नेमायचे? एकेका प्रक्रियेचा क्रमांक सांगून 'पूलबाइंड' या आज्ञेने तिला तळ्यात नेता येते. पण वीस विद्यार्थी तासाभरात शेकडो प्रक्रिया सुरू करतात, त्यांच्या मागे कोण धावणार? येथे वारसा उपयोगी पडतो. अपत्याला पालकाचेच तळे मिळते. म्हणून विद्यार्थी संगणकावर प्रवेश करतो त्या क्षणी सुरू होणारी त्याची पहिली प्रक्रिया योग्य तळ्यात घातली की पुढची सगळी संतती आपोआप तेथेच जन्मते. सोलारिसमध्ये विद्यार्थ्यांचा एक 'प्रकल्प' करून त्याच्यापुढे तळ्याचे नाव लिहून ठेवता येते. आम्ही तसे केले आणि निर्धास्त झालो.

मोजले म्हणून कळले

परीक्षा सुरू झाली. दहा मिनिटांनी आम्ही 'पूलस्टॅट' ही आज्ञा दिली. ती प्रत्येक तळ्याचे आकारमान, वापर आणि भार असे आकडे दाखवते. आकडे साधारण असे होते:

विद्यार्थी तळे: आकार ६, वापर ६, भार १८
मूळ तळे: आकार २, वापर २, भार ४२

आकार म्हणजे तळ्यातले प्रोसेसर. वापर म्हणजे त्यांपैकी किती कामात आहेत. तो आकाराच्या वर जाऊच शकत नाही. भार म्हणजे चालू असलेल्या आणि पाळीची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांचा आकडा. नुसता वापर पाहिला असता तर दोन्ही तळी सारखीच, शंभर टक्के भरलेली, दिसली असती. पहिल्यात प्रत्येक प्रोसेसरमागे तीन जण होते आणि दुसऱ्यात एकवीस, हा फरक फक्त भार सांगतो. बस भरलेली आहे एवढ्याने थांब्यावर किती माणसे उभी आहेत ते कळत नाही.

पण आम्हाला खटकले ते वेगळेच. आकडे २० आणि ४० असायला हवे होते. १८ आणि ४२ का? दोन प्रक्रिया चुकीच्या तळ्यात होत्या. शोध घेतला तेव्हा दिसले की दोन विद्यार्थी वेळेच्या आधी येऊन, आमची मांडणी लागू होण्यापूर्वीच, संगणकावर प्रवेश करून बसले होते. नियम नंतर आला आणि ते जुन्या तळ्यातच राहिले. तेथे प्रत्येकाच्या वाट्याला २/४२, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी प्रोसेसर येत होता. चार मिनिटांच्या कामाला त्यांना ८४ मिनिटे लागली असती. आणि ते दोघे, त्या विद्यार्थिनीप्रमाणेच, आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसून राहिले असते.

आम्ही घाईघाईने त्यांची मुख्य प्रक्रिया विद्यार्थी तळ्यात हलवली. भार तरीही १८ आणि ४२ च राहिला! कारण पालकाला हलवले की त्यापुढे जन्मणारी अपत्ये नव्या तळ्यात येतात, आधीच जन्मलेली मात्र जुन्या तळ्यातच राहतात. चालू असलेली दोन्ही गणने त्यांच्या क्रमांकांनी वेगळी हलवावी लागली. मग आकडे २० आणि ४० झाले. सगळे मिळून तीन-चार मिनिटांचे काम, पण मोजले नसते तर कधीच कळले नसते.

यातून शिकण्यासारखे हे की नियम करणे हे अर्धेच काम आहे. तो लागू झाला की नाही हे मोजून पाहणे हे उरलेले अर्धे. मोजण्याआधी काय दिसायला हवे याचा अंदाज कागदावर लिहून ठेवावा. आम्ही २० आणि ४० लिहून ठेवले होते म्हणूनच १८ आणि ४२ खटकले. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना आपण हेच शिकवतो.

सरासरीचा स्वभाव

युनिक्सवर काम करणारे 'अपटाइम' या आज्ञेने भाराचे तीन आकडे पाहतात: एक, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी. ही साधी सरासरी नसते. जुन्या निरीक्षणांचे वजन घातांकी पद्धतीने कमी होत जाते, किरणोत्सारी पदार्थाच्या क्षयासारखे. समजा, संगणक रिकामा होता आणि अचानक दहा प्रक्रिया सुरू झाल्या. एक मिनिटानंतर पहिला आकडा १० दाखवणार नाही. तो १० × (१ − १/ई), म्हणजे सुमारे ६.३ दाखवील. त्याच क्षणी पाच मिनिटांचा आकडा सुमारे १.८ आणि पंधरा मिनिटांचा सुमारे ०.६ असेल. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे स्वतः काढायला द्यावे.

म्हणून तिन्ही आकडे एकत्र वाचायचे. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर भार वाढतो आहे. उलट असेल तर ओसरतो आहे. आणखी एक सावधगिरी: लिनक्समध्ये या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांबरोबर, मुख्यतः डिस्कच्या कामासाठी अडून राहिलेल्या काही प्रक्रियाही धरल्या जातात. भार मोठा आणि प्रोसेसर मात्र निवांत असे दिसले तर अडचण बहुधा दुसरीकडे आहे.

त्या पुनर्परीक्षेतही हा अनुभव आलाच. प्रोसेसरांमध्ये बांध होता, पण डिस्क एकच होती आणि स्मृतीही सामाईक होती. आमची गणने मधूनमधून मोठ्या फाइली लिहीत, तेव्हा विद्यार्थ्यांचेही लिहिणे रेंगाळे. एका साधनाला बांध घातल्याने दुसरे साधन आपोआप वाटले जात नाही.

आजची पद्धत

आज बहुतेक सर्व्हरवर युनिक्सच्याच वळणाची लिनक्स ही प्रणाली असते. २००६ साली गूगलमधील अभियंत्यांनी प्रक्रियांचे गट करण्याची एक योजना सुरू केली. जानेवारी २००८ मध्ये, २.६.२४ या आवृत्तीबरोबर, ती लिनक्सच्या गाभ्यात आली. 'सी-ग्रुप' असे तिचे नाव. तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती २०१६ साली अधिकृत झाली.

यातली कल्पना फार सुटसुटीत आहे. प्रत्येक गट म्हणजे एक फोल्डर. फोल्डरमधल्या ठरावीक फाइलमध्ये प्रक्रियेचा क्रमांक लिहिला की ती प्रक्रिया त्या गटात गेली. दुसऱ्या फाइलमध्ये गटाचे वजन लिहायचे. ते १ ते १०,००० पर्यंत असू शकते, आणि काही न लिहिल्यास १०० धरले जाते. हे वर सांगितलेले हिस्से. तिसऱ्या फाइलमध्ये कमाल मर्यादा लिहायची. उदाहरणार्थ, दर १,००,००० मायक्रोसेकंदांत ५०,००० मायक्रोसेकंद, म्हणजे अर्धा प्रोसेसर. गटाला ठरावीक प्रोसेसरच नेमून देता येतात. तो झाला बांध. स्मृतीलाही मर्यादा घालता येते. गटाने ती ओलांडली आणि जागा मोकळी करता आली नाही, तर गाभा त्याच गटातली एखादी प्रक्रिया बंद पाडतो. शेजारच्या गटाला झळ लागत नाही. गट एकमेकांच्या पोटात ठेवता येतात: महाविद्यालय, त्यात विभाग, त्यात वर्ग. आणि वारशाचा नियम येथेही तोच, अपत्य पालकाच्या गटात जन्मते.

मोजणीही फाइलींमधूनच होते. गटाने किती मायक्रोसेकंद वापरले, मर्यादेमुळे त्याला किती वेळा थांबवावे लागले, सध्या किती स्मृती घेतली आहे, हे सगळे उघडून वाचता येते. थांबवण्याचा आकडा सतत वाढत असेल तर दोनच शक्यता: मर्यादा फार आखूड आहे, किंवा काम गरजेपेक्षा जास्त आहे. कोणती, हे यंत्र सांगू शकत नाही. ते माणसांना विचारावे लागते.

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आपण सहसा राखणदाराला सूट देण्यासाठी वापरतो. त्या परीक्षेनंतर आमच्या विभागात नियम झाला की सर्व्हरची देखभाल करणाऱ्याचे स्वतःचे काम सर्वांत लहान तळ्यात राहील आणि त्याच्या वापराचा आकडा इतरांच्या आकड्यांबरोबरच फलकावर लागेल. आमचे गणन उशिरा संपले. त्याने प्रबंधात काही फरक पडला नाही. त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या खेपेला ५५ मिनिटांत आलेख काढून दिला. आज्ञावली तीच होती, पहिल्या दिवशी लिहिलेली.

आपल्या शाळेतही सामाईक वस्तू असतात: संगणककक्ष, प्रयोगशाळेतला एकच सूक्ष्मदर्शक, मधल्या सुट्टीतला नळ. त्यांचे वाटप चिठ्ठीगणिक होते, मुलागणिक होते की वर्गागणिक, हे एकदा विद्यार्थ्यांकडून आठवडाभर मोजून घ्यावे. एखादे मूल सारखे मागे पडते आहे असे वाटले, तर त्याला "पुन्हा तपास" असे सांगण्याआधी ते कोणत्या रांगेत उभे आहे एवढे आपण पाहावे.